‘पॅसेज वाचूच नका’ सांगणाऱ्या मेसेजबद्दल

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रीडिंगबद्दलचा (म्हणजे उतारे, ‘पॅसेज’, वाचून उत्तरं द्यायच्या भागाबद्दलचा) एक मेसेज सध्या नर्सिंगच्या मुलींच्या ग्रुपवर फिरतोय. परदेशी जायच्या तयारीत असलेल्या नर्सेसना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते, त्यामुळे तो माझ्याकडे निदान पाच जणींकडून आला. प्रत्येकीचा प्रश्न एकच, ‘मॅडम, हे खरंय का?’

मेसेजचा सारांश असा : पॅसेज वाचायला वेळ पुरत नाही, म्हणून तो वाचूच नका. प्रश्नातला कीवर्ड पकडा आणि तो पॅसेजमध्ये शोधा. मनातल्या मनात उच्चार करणं थांबवा, वेग तिप्पट होतो. दिवसाला ५० शब्द पाठ करा. रोज एक पूर्ण टेस्ट सोडवा. उत्तराची एकही जागा कोरी सोडू नका. आणि शेवटी : मराठी माध्यमातून आलेल्यांना सहा बँडच्या (या परीक्षेचे गुण नऊपैकी बँडमध्ये मिळतात) पुढे जायचं तर ट्रिकशिवाय पर्याय नाही.

आधी वेळेचं बघू. अ‍ॅकॅडमिक रीडिंगमध्ये ६० मिनिटांत तीन पॅसेज आणि ४० प्रश्न असतात. तिन्ही पॅसेज मिळून मजकूर २,१५० ते २,७५० शब्दांचा. मिनिटाला १५० शब्द हा काही फार मोठा वेग नाही, थोड्या सरावाने तो येतो. त्या वेगाने सगळ्यात लांब पेपरसुद्धा अथपासून इतिपर्यंत वाचायला साधारण १८ मिनिटं लागतात. उरतात ४२. म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट मिळतंच. मग वेळ जातो कुठे? मी वर्गात मुलींच्या शेजारी बसून पाहिलंय. न वाचता शोधायला गेलेली मुलगी एकाच पॅसेजवरून चार-पाच वेळा डोळे फिरवते, दर प्रश्नाला पुन्हा वरून खाली. एकदा नीट वाचलेलीला ‘हे तिसऱ्या परिच्छेदात होतं’ एवढं तरी आठवतं.

आता कीवर्डचं. माझ्या मते सगळ्यात जास्त मार्क इथेच बुडतात. प्रश्न काढणारे पॅसेजमधले शब्द मुद्दाम बदलतात, आणि जिथे तोच शब्द दिसतो तिथे बऱ्याचदा सापळा असतो. वर्गासाठी मी एक वाक्य तयार केलं होतं : ‘फ्यू ऑफ द व्हिलेजर्स अ‍ॅक्सेप्टेड द न्यू राइस बिफोर द सेकंड हार्वेस्ट, ऑल्दो इट नीडेड लेस वॉटर.’ त्यावरचं प्रत्येक विधान ‘ट्रू’, ‘फॉल्स’ की ‘नॉट गिव्हन’ (म्हणजे माहितीच दिलेली नाही) हे ठरवायचं होतं. पहिलं विधान : बहुतेक गावकऱ्यांनी नवा भात सुरुवातीपासून स्वीकारला. व्हिलेजर्स, अ‍ॅक्सेप्टेड, न्यू राइस, तिन्ही कीवर्ड जागेवर सापडले आणि अर्ध्या वर्गाने ‘ट्रू’ लिहिलं. उत्तर ‘फॉल्स’ आहे. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ कोणीच नाही, ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे तरी. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखी उपपदं नसल्यामुळे आपली नजर त्यांच्यावरून घसरते, आणि कीवर्ड शोधणारीची तर हमखास घसरते.

दुसरं विधान : चव आवडली नाही म्हणून गावकऱ्यांनी तो भात नाकारला. जुन्नरकडच्या एका मुलीने ‘ट्रू’ लिहिलं. का, विचारलं तर म्हणाली, ‘आमच्याकडे असंच झालं होतं मॅडम, बियाणं नवीन आणलं आणि घरात कोणी खाईना.’ तिचं म्हणणं खरंच असणार. पण वाक्यात चवीचा उल्लेखच नाही, कारणही दिलेलं नाही. म्हणून उत्तर ‘नॉट गिव्हन’. ‘फॉल्स’ म्हणायचं तर पॅसेजमध्ये उलट सांगितलेलं असावं लागतं. हा फरक कुठल्याही कीवर्डमध्ये सापडत नाही, वाक्य पूर्ण वाचूनच कळतो. परिच्छेदांना शीर्षकं जुळवायच्या प्रश्नांत तर कीवर्डचा काहीच उपयोग नाही, कारण तिथे परिच्छेदाचा एकूण रोख विचारलेला असतो.

ब्रिटनमध्ये नर्सेसची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिलला रीडिंगमध्ये ७ बँड लागतो. त्यासाठी ४० पैकी साधारण ३० उत्तरं बरोबर यावी लागतात. कीवर्डवर विसंबणाऱ्या माझ्या मुली २२-२३ वर अडकतात, म्हणजे सहाच्या आसपास.

मनातल्या उच्चाराची इतकी धास्ती नको. तो जवळजवळ सगळेच करतात. इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनात वाचताना मिनिटाला सरासरी २३८ शब्द वाचतो, असं बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०१९ मध्ये मांडलं गेलं. वेगवाचनाच्या दाव्यांचा आढावा घेणारा मोठा लेख २०१६ मध्ये आला, त्याचा निष्कर्षही साधा होता : वेग फार वाढवला की समज कमी होते. अवघड वाक्यावर ओठ हलले तर हलू देत.

शब्द पाठ करण्याबद्दल एकच उदाहरण देते. ‘सस्टेन’ म्हणजे ‘टिकवणे’ असं पाठ केलेल्या मुलीने ‘द पेशंट सस्टेन्ड अ‍ॅन इंज्युरी’चा अर्थ ‘पेशंटने जखम टिकवली’ असा लावला. वॉर्डात रोज जखमा बघणारी मुलगी ती! तिथे त्याचा अर्थ ‘जखम झाली’ एवढाच. दिवसाला सातआठच शब्द घ्या, पण वाचलेल्या वाक्यासकट वहीत उतरवा.

रोज एक टेस्ट हा सल्ला ड्यूटी करून येणाऱ्या मुलींना नुसता दमवणारा आहे. आठवड्याला एक सोडवा आणि पुढचे दोन दिवस चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचं वाक्य पॅसेजमध्ये शोधून, आपण काय वाचलं आणि तिथे काय लिहिलंय हे शेजारी शेजारी लिहा. मेसेजमधली एक गोष्ट मात्र बरोबर आहे : चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा जागा कोरी सोडू नका.

राहिलं मराठी माध्यम. हे वाक्य वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण मुली त्यावर विश्वास ठेवतात. पॅसेज सर्वसाधारण वाचकासाठी असतात, विषयाची आधीची माहिती लागत नाही, उत्तराला लागेल ते सगळं पानावर असतं. मराठी पेपरच्या रविवार पुरवणीतला लांब लेख शेवटपर्यंत वाचणाऱ्या मुलीला मुद्दा कुठे वळला, लेखक कुणाचं मत सांगतोय आणि स्वतःचं कुठे, हे आधीच कळत असतं. तिला इंग्रजीत सवय नसते ती तीन ओळींच्या वाक्याची. म्हणून मी पहिला महिना टेस्ट देतच नाही. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख आणायचा, प्रत्येक लांब वाक्यातलं क्रियापद आणि त्याचा कर्ता पेन्सिलने जोडायचा, आणि परिच्छेद संपला की समासात मराठीत एक ओळ लिहायची. सुरुवातीला एका लेखाला पाऊण तास लागतो. जुन्नरच्या मुलीला गेल्या आठवड्यात वीस मिनिटं लागली, आणि समासातल्या सहाही ओळी बरोबर होत्या.