पिग्मीवाले काका आणि पंचकमिटी

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या एका नावावरून रण पेटलंय. हे काका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. दारूपायी लोकांचे पैसे उडवले, तुरुंगात जाऊन आले. 2011 साली सुटले, तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. आता कुणीतरी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीसाठी त्यांचं नाव सुचवलं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलतभावाने लिहिलं, "देवाचं घर आहे, धर्मशाळा नाही." खाली सतरा अंगठे.

तीन रात्री झाल्या, हे वाक्य मला झोपू देत नाही.

भावाने वचनाचा आधारही दिला : बायबलातलं पौलाचं पत्र, पहिलं तीमथ्य, अध्याय तिसरा. मंडळीचा पुढारी निर्दोष असावा. बरोबर आहे. पण त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल स्वतःला पाप्यांतला पहिला म्हणवतो, ते पान वाऱ्याने उलटलं का? पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, त्याला दगडमार झाली तेव्हा मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत उभा होता तो हाच. आणि दरवर्षी नाताळात आपण मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ वाचतो. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको. लोकांनी नाक मुरडावं अशी ही नावं मत्तयाला गाळता आली असती. त्याने ती मुद्दाम ठेवली.

मी इंग्लंडमध्ये हार्वेलला नोकरी करतो. शनिवारी जवळच्या वाँटेज गावच्या बाजारात जातो, तेव्हा पाय आपोआप चर्चकडे वळतात. संत पेत्र आणि संत पौल यांच्या नावाचं चर्च : एकाने प्रभूला तीनदा नाकारलं, दुसऱ्याने त्याच्या लोकांना घराघरांतून ओढून तुरुंगात टाकलं. 29 सप्टेंबर 1883 ला पंडिता रमाबाईंचा आणि त्यांच्या लहानग्या लेकीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा इथे झाला. रमाबाई तेव्हा पंचविशीच्या, विधवा, परक्या देशात मठातल्या भगिनींच्या आसऱ्याला. तरी त्रैक्याचं, पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे कोडं पटेना म्हणून त्या वाद घालत राहिल्या. त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डीनना त्यात गर्व दिसला, तसं त्यांनी पत्रांतून सुनावलंही. इकडच्या मिशनला हवी तशी बाई त्या नव्हत्या, पुण्याच्या सनातन्यांना तर नव्हत्याच. पुढे दुष्काळातल्या पोरींना पोटाशी धरणारं केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं ते त्यांच्याच हातून, आणि मराठी बायबलही त्यांनी मुळावरून नव्याने केलं. कवी ना. वा. टिळकांचंही तेच. रेव्हरंड टिळकांचा संताप आणि घर टाकून निघून जाणं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. या टिळकांचीच पदं आपण दर रविवारी 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून डोळे मिटून गातो. टिळक आज हयात असते तर त्यांना कमिटीवर घेतलं असतं का, हे मी ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं नाही.

इथे आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला माझ्या हातात देणारे गृहस्थ तुरुंगात राहून आलेत. सगळ्यांना ठाऊक आहे. डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीची सरकारी तपासणी, केलीय, मुलांच्या वर्गाला त्यांना ठेवत नाहीत, पैशाच्या पेटीशी तर नाहीच. पण प्याल्याच्या आणि फूड बँकेच्या पाळ्यांच्या यादीत त्यांचं नाव असतं. क्षमा करायची म्हणजे किल्ल्या हवाली करायच्या असं नव्हे, एवढं साधं शहाणपण आपल्याला का सुचू नये? काकांना खजिनदार करू नका. पंच करा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मग एका आत्याने एकच ओळ टाकली : "बाळा, तिथे त्याने तुझे पैसे नेले नव्हते."

खरं आहे. इथल्या त्या गृहस्थांनी माझं काहीच बुडवलेलं नाही. गावात ज्यांच्या मुलीच्या लग्नाचे पैसे गेले, ते काकांच्या पुढच्याच बाकावर बसतात. त्यांची क्षमा महागाची आहे, माझी स्वस्तातली. इथे मला सगळे चांगला माणूस समजतात, कारण इथे मला कुणी ओळखत नाही. गावात ओळखतात.

म्हणून हे सांगायलाच हवं. 2011 च्या नाताळात काकांनी शास्त्रवाचन मागितलं होतं. तरुण संघाने हरकतीचं पत्र दिलं. मी सचिव होतो, अक्षर माझं. 'मंडळीच्या नावाला बट्टा' हे शब्दही माझेच. काकांनी ते पत्र पाळकसाहेबांच्या टेबलावर वाचलं, घडी घातली, परत ठेवलं आणि त्या दिवसापासून शेवटच्या बाकावर बसू लागले. तीन वर्षांनी मी इकडे आलो. त्यांच्याशी बोललो नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये आई गेली. मला निघता आलं नाही. दफनभूमीत मोजकीच माणसं, तोंडाला फडकी. व्हिडिओ कॉलवर चित्र सारखं हलत होतं, म्हणून मी ओरडलो, "अरे, फोन नीट धरा." तेव्हा उत्तर आलं, "धरलाय बाळा, हात कापतात माझे." आवाज काकांचा होता. पेटी खाली उतरली. त्यांनी फोन डाव्या हातात घेतला, वाकले, आणि माझं नाव घेऊन आईवर मूठभर माती टाकली.