लिंबाच्या पाण्यात पारा उतरत नाही

‘खाडीचा मासा खाताय? मग हे वाचाच’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. फिरेना का, म्हणून सोडून दिलं असतं, पण तो माझ्या गरोदर वहिनीपर्यंत पोचला आणि तिने तो खरा धरला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: खाडीच्या माशात पारा, शिसं, कॅडमियम असतं, मासा तासभर मीठ-लिंबाच्या पाण्यात ठेवला की ते उतरतं आणि पाणी गढूळ झालं की धातू निघाला समजायचं, मोठा मासा विष ‘पचवतो’, म्हणून बारीक टाळून मोठा घ्यावा, जपानमधल्या मिनामाटाला लोक दगावले ते कच्चा मासा खाल्ल्यामुळे, आणि खबरदारी म्हणून डिटॉक्सचे थेंब घ्यावेत, गरोदर बायकांनीसुद्धा.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करावं लागेल. नदी वरच्या कारखान्यांचं, खाणींचं, गटारांचं सगळं घेऊन येते. गोडं पाणी खाऱ्याला भिडलं की पाण्यातले बारीक कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि त्यांच्याबरोबर धातूही. त्या बिनप्राणवायूच्या चिखलातले जिवाणू पाऱ्याचा मिथाइल पारा, म्हणजे त्याचं शरीरात सहज शिरणारं, जास्त विषारी रूप, करतात. पण कुठल्या खाडीत किती, हे वर काय सोडलं जातं त्यावर ठरतं. ‘खाडीचा’ एवढ्यावरून मासा ना विषारी ठरतो, ना निर्धोक.

आता ते लिंबाचं पाणी. धातू म्हणजे माशाच्या अंगावर बसलेला मळ नव्हे. मिथाइल पारा मांसातल्या प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट धरून असतो. मीठ, लिंबू, व्हिनेगर, कशानेच तो सुटत नाही. शिजवूनही जात नाही. उलट मांसातलं पाणी आटतं, पारा तिथेच राहतो आणि घासागणिक त्याचं प्रमाण वाढतं. मग पाणी गढूळ का होतं? माशाचं रक्त आणि अंगावरचा बुळबुळीत थर त्यात उतरतो, आणि आंबटामुळे प्रथिनं साकळून पांढुरकी होतात. स्वच्छ समुद्रातला मासा ठेवा, तरी तेच दिसेल. या समजुतीचं मूळ बहुधा शिंपल्यांत असावं: जिवंत शिंपल्या पाण्यात ठेवल्या की रेती टाकतात. रेतीच टाकतात, कॅडमियम नाही. खरा उपयोग होतो तो मासा नीट साफ करण्याचा. कॅडमियम मांसापेक्षा यकृतात, मूत्रपिंडात जास्त साठतं, खेकड्याच्या पाठीतल्या तपकिरी भागातही. ते काढून टाकलं तर खरंच फरक पडतो. नेमकं हेच मेसेजात नाही.

‘मोठा मासा पचवतो’ हे तर सरळ उलटं आहे. बारीक माशाला मोठा खातो, त्याला त्याहून मोठा. प्रत्येक पायरीला मिथाइल पारा वाढत जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथाइल पाऱ्याची मर्यादा घातली: दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. पोटातल्या बाळाच्या मेंदूचा विचार करून काढलेला हा आकडा आहे. ६० किलो वजनाच्या बाईला म्हणजे आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. किलोमागे ५० मायक्रोग्रॅम पारा असलेला बारीक मासा ती आठवड्यात पावणेदोन किलो खाऊनही मर्यादेच्या आत राहते. किलोमागे १००० मायक्रोग्रॅमचा मोठा शिकारी मासा असेल, तर १०० ग्रॅमच्या आतच मर्यादा संपते. मेसेज वहिनीला यातला दुसरा मासा घ्यायला सांगतोय! (हे गणित पाऱ्याचं. शिसं असं पायरीपायरीने वाढत नाही आणि कॅडमियमसाठी शिंपले-कालवांवर लक्ष ठेवावं लागतं.) म्हणून घाबरून मासे बंदच करायचे, हेही नको, त्यातले ओमेगा-३ बाळाच्या मेंदूला हवेच असतात.

मिनामाटाबद्दल लिहिताना मात्र मेसेज लिहिणाऱ्याला लाज वाटायला हवी होती. चिस्सो कंपनीचा कारखाना १९३२ पासून १९६८ पर्यंत पारा असलेलं सांडपाणी समुद्रात सोडत होता, तो पारा माशांत आणि माशांतून लोकांच्या अंगात गेला. त्यातून झालेल्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ ची. कच्चा की शिजवलेला, याचा काही संबंध नव्हता. आईला फारसा त्रास नाही आणि मूल मात्र मेंदूला जबर इजा घेऊन जन्मलेलं, असं तिथे घडलं. बाळाची वाळवलेली नाळ जपून ठेवायची तिथे रीत होती. पुढे त्या नाळा तपासल्या तेव्हा त्यांत मिथाइल पारा सापडला.

राहिले थेंब. मिथाइल पाऱ्यातला निम्मा भाग शरीर साधारण पन्नासेक दिवसांत आपणहून बाहेर टाकतं. त्याचं श्रेय बाटलीने घेऊ नये. कॅडमियम मूत्रपिंडात दहा-वीस वर्षं मुक्काम करतं, त्याला थेंब हलवत नाहीत. धातू ओढून काढणारी खरी औषधं आहेत, पण ती विषबाधा सिद्ध झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. त्यांतलंच एक, ईडीटीए, चुकीच्या प्रकारचं दिल्याने रक्तातलं कॅल्शियम कोसळून अमेरिकेत मृत्यू झाल्याची नोंद आहे. शंका असेल तर तपासणी करून घ्या: पाऱ्यासाठी रक्त किंवा केस, शिशासाठी रक्त, जुन्या कॅडमियमसाठी लघवी. वहिनीच्या डॉक्टरांनी बाटलीचा फोटो बघून एवढंच विचारलं, ‘यात काय आहे ते यावर का लिहिलेलं नाही?’