सापडला तर बग, छापला तर एक्स्टेंशन

शुक्रवारची संध्याकाळ आहे, वाकडचा पूल तुंबायच्या आत तुम्हाला हिंजवडीतून निसटायचंय, आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी तुमच्या कंपायलरवर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर, बगची तक्रार टाकलीय. घाबरून कोड उघडू नका. मॅन्युअल उघडा. चूक निस्तरायला महिना जाईल. 'हे आमचं एक्स्टेंशन आहे', म्हणजे भाषेच्या नियमांत आम्ही मुद्दाम घातलेली भर, ही ओळ चहा निवायच्या आत लिहून होते. भाषा पुणेरी पाटीची ठेवा: 'इथे चालणारा प्रोग्रॅम अन्यत्र चालेलच असे नाही. वाद घालू नये.'

थोरांचा कित्ता गिरवा. सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं स्टँडर्ड, म्हणजे अधिकृत नियमावली, १९९८ साली आलं आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर व्हिज्युअल सी प्लस प्लस ६ सुद्धा त्याच साली. स्टँडर्ड म्हणे, 'फॉर' या लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या तुकड्याच्या) कंसात जन्मलेला आय नावाचा मोजणीदार लूपबरोबरच संपतो. ६ मध्ये तो लूप संपला तरी मुक्काम हलवत नसे. खाली दुसऱ्या लूपमध्ये पुन्हा 'इंट आय' (आय हा पूर्णांक) लिहिलंत की 'आधीच आहे' म्हणून एरर! आता याला बग म्हणाल तर तुमचं प्रमोशन अवघड आहे. एक्स्टेंशन बंद करायचा स्विच होता की. तो दिला की आय सुतासारखा सरळ व्हायचा. फक्त विंडोजच्या प्रोग्रॅमना लागणारी विंडोजची हेडर फाइल कंपाइल व्हायची नाही. त्यांची स्वतःचीच! मग लोकांनी 'फॉर' या शब्दाचाच मॅक्रो केला, म्हणजे तो दिसला की त्याजागी आपला मजकूर बसेल अशी सोय केली, आणि त्याच्यापुढे 'इफ शून्य, एल्स' असं ठिगळ लावलं. ठिगळाचे पैसे कंपायलरवाल्याला पडत नाहीत, हे लक्षात घ्या.

घाईने दुरुस्ती तर अजिबात नको. चार गिऱ्हाइकांचा कोड त्या चुकीवर उभा राहू द्या, मग तेच येऊन सांगतील, 'हात लावू नका हो.'

प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र बघून निवडा. जावात आपल्या पदरची भर घातली म्हणून जावाची मालक कंपनी सनने १९९७ साली मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. २००१ साली दोन कोटी डॉलर मोजून ते मिटलं. सी प्लस प्लसला मालकच नाही, समिती आहे. समिती कोर्टात जात नाही, पुढची बैठक ठरवते.

जीसीसी या फुकट कंपायलरवाल्यांच्या नादी लागू नका. ते स्वतःची एक्स्टेंशनं यादी करून छापतात, वर 'पेडँटिक' पर्याय दिला की स्वतःच कुरकुरतात. असला प्रामाणिकपणा धंद्याला मारक.

आणि खरी अमर कीर्ती हवी असेल तर कॉलेज गाठा. टर्बो सी प्लस प्लस हा जुना कंपायलर बघा. स्टँडर्डच्याही आधीचं, सोळा बिटांचं. आजच्या विंडोजवर चालत नाही म्हणून जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये बसवून त्याची निळी स्क्रीन जिवंत ठेवणाऱ्या लॅब आहेत. 'व्हॉइड मेन' (काहीच परत न करणारा 'मेन', म्हणजे प्रोग्रॅमचा मुख्य भाग), 'क्लिअर स्क्रीन', 'गेट सीएच' असा सगळा स्टँडर्डबाहेरचा घरचा मसाला. तोंडी परीक्षेत एखादी मुलगी धीर करून म्हणालीच, "सर, स्टँडर्डप्रमाणे मेनने इंट परत करायला हवा ना?", तर चष्मा खाली सरकवून विचारा, "मार्क कोण देणार आहे, स्टँडर्ड?"