‘असं होतं’ हे आधी सांगायला काय झालं होतं?

“पिशवी गेली ना, मग आता काय?” सहा आठवड्यांपूर्वी ऑपरेशन करून माझ्या पोटावरची मळाची पिशवी बंद केली, तेव्हापासून हा प्रश्न ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय. फोन वाजला की आधी तिडीक जाते, मग मी तो उचलते.

आता काय, ते सांगते. काल मी दिवसभरात १९ वेळा संडासला गेले. त्यातल्या नऊ वेळा सकाळी सहा ते नऊच्या मधल्या. जायचं, थोडंसं व्हायचं, धुऊन यायचं, टेकायचं, की लगेच पुन्हा कळ. ती कळ आली की दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. ऑपरेशन झाल्यापासून मी घराच्या फाटकाबाहेर फक्त दवाखान्यात जायला पडलेय, आणि तेही आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहून.

गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कॅन्सर होता. तो भाग काढला, आतडं खाली जोडलं आणि त्या जोडाला आराम मिळावा म्हणून लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली. आठ महिने मी ती वागवली. मग खालून औषध सोडून एक्स-रे काढले, जोड पक्का भरलाय असं सांगितलं आणि पिशवी बंद करायची तारीख दिली. “छोटं ऑपरेशन आहे, चार-पाच दिवसांत घरी. मग सगळं पूर्वीसारखं.” हे शेवटचं वाक्य मी शब्दाला शब्द लक्षात ठेवलंय.

हॉस्पिटलात एकच प्रश्न. सकाळी राऊंडला, दुपारी सिस्टर, रात्री ड्युटीवरचा डॉक्टर: “गॅस सरकला का?” दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या आणि नाकातून नळी घातली. मला वाटलं आतला जोड फुटला, संपलं सगळं. रात्रभर कॉटचा दांडा धरून पडले होते. सकाळी एक तरुण डॉक्टर येऊन सहज म्हणाला, “घाबरू नका, आतडं सुस्त झालंय. या ऑपरेशननंतर असं होतं. चालत राहा, येईल जाग्यावर.” अरे, मग हे ऑपरेशनच्या आधी सांगता आलं नसतं? एवढ्या एका वाक्याने माझी ती रात्र वाचली असती. त्यानंतर सलाईनचा स्टँड ढकलत मी त्या बोळातून इतक्या फेऱ्या मारल्या की त्याचं कुठलं चाक अडकतं ते मला पाठ झालं.

जखमेचंही तेच. पहिल्यांदा ड्रेसिंग उघडलं, खाली पाहिलं, तर पिशवीच्या जागी भोक! बोटाचं टोक आत जाईल एवढं, लालभडक, उघडं. मी ओरडलेच, टाके सुटले म्हणून. सिस्टर म्हणाल्या, “अहो, मुद्दाम ठेवलंय. असं असतं.” तिथे महिनोन्‌महिने मळ येत होता, म्हणजे जंतू असणारच. वरून पूर्ण शिवलं तर आत पू साठू शकतो. म्हणून भोवतीने बटव्याच्या तोंडासारखा टाका ओढतात, मध्ये थोडं उघडं ठेवतात आणि जखम तळापासून भरत येते. किती समजण्यासारखं कारण आहे! मला समजलं, पटलं, पुढे घरी ड्रेसिंग मी माझ्या हाताने केलं. पण ते कळायला मला आधी थरथर कापत रडावं लागलं. काल ते भोक शेवटी मुगाएवढं राहिलंय.

पाचव्या दिवशी शेवटी पोट हललं. सगळे खूश, सहाव्या दिवशी डिस्चार्ज. हातात एक कागद. त्यावर काय? जखम कोरडी ठेवा. सहा आठवडे जड उचलू नका. ताप आला तर या. गोळ्यांची नावं. ज्या गोष्टीसाठी हे सगळं केलं, ती संडासची गोष्ट, तिच्याबद्दल एक ओळ नाही. एक शब्द नाही!

आणि घरी आल्यावर जे सुरू झालं त्याला चक्क नाव आहे, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. लो अँटेरिअर रिसेक्शन सिंड्रोम. थोडक्यात लार्स. गुदाशय म्हणजे मळ साठवून ठेवायची जागा. तीच काढली तर साठणार कुठे? जे येतं ते थेट दारात. खालचे स्नायू इतके महिने बिनकामाचे पडून ढिले झालेले. त्यात वारा आहे की मळ, हे ओळखायची आतली जाणीवच बोथट झालेली. म्हणून मी वारा सोडायलाही धावते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१२ मध्ये याची पाच प्रश्नांची मोजणी तयार केली. शून्य ते ४२ गुण, ३० आणि त्यावर म्हणजे तीव्र त्रास. मी घरी बसून ती केली. माझे ४१ आले.

पाच प्रश्न! इतकी वर्षं हे प्रश्न तयार आहेत आणि मला कुणी एकही विचारला नाही. सहीच्या कागदावर रक्तस्राव होता, जंतुसंसर्ग होता, जोड गळण्याचा धोका होता, तो मला बसवून समजावलाही. दिवसाला १९ वेळा संडास कुणाच्या तोंडातून निघालं नाही. का? लाज वाटते? पोट उघडून आतडं हातात धरणाऱ्या माणसांना संडास म्हणायची लाज?

आठवड्याभरात खालची कातडी सोलवटली. पातळ मळात पाचक रस असतात, ते भाजल्यासारखं करतात. मी अकरा दिवस कागदाने पुसत होते. सुगंधी ओल्या रुमालांनी पुसत होते, त्यानेही जास्तच चुरचुरायचं. नुसत्या पाण्याने धुवावं, मऊ कापडाने टिपून घ्यावं, घासू नये, आणि झिंक ऑक्साईडचं मलम आधीपासून जाड थापावं, हे मला कुणी सांगितलं? कुणी नाही. सुटका झाली ती स्वतः शोधल्यावर. जुलाब रोखणारी लोपेरामाईडची गोळी दिली होती, पण कधी घ्यायची ते नाही. मी धावपळ सुरू झाल्यावर घेत होते. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं ढकलायला लागतं. तीन आठवडे वाया.

मग तपासणीला गेले. वहीत रोजचे आकडे लिहून नेले. डॉक्टरांनी वही पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, “हो, असं होतं. हळूहळू कमी होईल, वर्षभर धरून चला. कधी जास्तही लागतं.” वर्षभर! आणि मी तीन आठवड्यांची रजा टाकली होती, कारण मला ‘पूर्वीसारखं’ सांगितलं होतं. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, इसबगोलाने मळ बांधला जातो, अगदीच झालं तर घरी पाणी सोडून आतडं धुवायची पद्धतही आहे, हे सगळं मी विचारल्यावर, एकेक करून, बाहेर आलं. विचारलं नसतं तर?

वर घरचे. भाऊ म्हणाला, “ताई, निदान पिशवी तरी गेली, देवाचे आभार मान.” मी म्हटलं, पिशवी असताना मी दोन-दोन तास एका जागी बसू शकत होते, रात्री झोपत होते, कधी कधी ती परत हवी असं वाटतं. तो चिडला. माझ्यासाठी एवढं सगळं केलं आणि मी कृतघ्न! मी कॅन्सरमधून वाचले याचं मोल मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून काय दुखतंय ते बोलायचंच नाही?

परवा रात्री शेजारच्या कॉटवर असलेल्या बाईंचा फोन आला. त्यांची पिशवी पुढच्या आठवड्यात बंद व्हायची आहे. “तुमचं आता सगळं नीट ना?” त्यांनी आनंदाने विचारलं. क्षणभर मलाही ‘हो’ म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. मग म्हटलं, वही-पेन घ्या. आणि गोळीच्या वेळेपासून सुरुवात केली.