बेस अँप कसा वापरावा: कौलं हललीच पाहिजेत

तर मंडळी, बेस गिटार घेऊन झाली, आता अँप, म्हणजे तिचा आवाज मोठा करणारा डबा. दुकानात एकच प्रश्न विचारायचा, किती वॅटचा? शंभरचा म्हणाला की दोनशेचा मागायचा. वॅट डबल केले तरी 3 डेसिबलच वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात, असलं सांगणारा एखादा शाणा तिथे असतोच, त्याला मान हलवून हो म्हणायचं आणि पैसे काढायचे. अँपेग कंपनीने 1969 मध्ये 300 वॅटचा एसव्हीटी नावाचा बेस अँप आणि त्याखाली आठ स्पीकरचं चार फुटी कॅबिनेट काढलं, कारण तेव्हाचा पीए (लोकांना ऐकवायची स्पीकरची यंत्रणा) गायकालाच जेमतेम पुरायचा. आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेच्या ऑर्केस्ट्रालाही स्टेजच्या दोन्ही बाजूला स्पीकरच्या भिंती असतात. म्हणजे आपल्याला तर हवाच.

रिहर्सल काकांच्या पडवीत. अँप कोपऱ्यात चिऱ्याच्या भिंतीला चिकटवून ठेवा, कोपऱ्यात बेस फुकट वाढतो. सगळ्यात जाड तार सोडली की 41 हर्ट्झ, आधी कपाटातली भांडी बोलतात, मग कौलं, मग काकी: "मेल्या, कौलां हालतत, बंद कर ता!" ही दाद समजायची.

सेटिंग सोपं आहे. बेस (खालचा आवाज) फुल, ट्रेबल (वरचा) फुल, मिड (मधला) झिरो. घरी एकट्याने वाजवताना काय भारी वाटतं! स्टेजवर किक ड्रम, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात सुरू झाला की तुम्ही गायब, कारण तुमचा सूर ओळखू येतो तो मिडमुळे आणि तो तर तुम्हीच कापलाय. मग काय करायचं? आवाज वाढवायचा. मिडला हात लावायचा नाही, इज्जतीचा प्रश्न आहे. अँप जमिनीवरच ठेवा आणि त्याच्या अगदी पुढ्यात उभे राहा, म्हणजे स्पष्ट आवाज सगळा पोटऱ्यांना जाईल, कानाला काही नाही. तुम्ही वाढवलंत की गिटारवाला वाढवेल, मग कीबोर्डवाला, गायिका हातवारे करायला लागेल, आणि दहाच्या ठोक्याला हवालदार येईल तेव्हा सगळी बोटं बेसकडे.

जनरेटरवर हम्म आला तर प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाका असं सांगणारे गुरू कोकणात गावोगाव आहेत (हे मात्र खरंच करू नका बाबांनो, हात तारेवर आणि ओठ माइकला लागले की कोरस वेगळ्याच सुरात निघतो). स्पीकरला गिटारचीच केबल लावा, दोन्ही टोकं बसतात ना, झालं तर. पावसाळ्यात अँप खळ्यातच ताडपत्रीखाली ठेवा, खारा वारा आत जाऊन जॅक हिरवे करतो, मग प्रत्येक गाण्याला खरखर फ्री.

परवा कुडाळजवळच्या एका कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला माझ्या अँपचा फ्यूज उडाला. बेस डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल पीएला जोडणारी डबी) थेट पीएला जात होता, त्यामुळे बाहेर काही कळलं नाही, मीही मॉनिटरवर (आपल्याकडे तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर) ऐकत रेटलं. नंतर ड्रमरने चहा हातात दिला, पाठीवर थाप मारली, म्हणाला आज पहिल्यांदा कळलं तू काय वाजवतोस ते.

तेव्हा खिशात जादा फ्यूज ठेवा. असली बेइज्जती परत नको.