टाकी आपली, म्हणून कायदा बाहेर?

बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पत्ता मुंबईचा, पण गल्लीत अजून मलनिस्सारण वाहिनी नाही, सगळा कारभार सेप्टिक टँकवर. रविवारी त्यांनी मला एक फॉरवर्ड पाठवलं: ‘सेप्टिक टँक खासगी मालमत्ता आहे, सरकारी नियम लागू नाहीत. मैला उपसणाऱ्या सक्शन गाडीवर पैसे उधळू नका, टाकीत माणूस उतरवा. जबाबदारी त्याची, असं कंत्राटदाराकडून शंभराच्या स्टँप पेपरवर लिहून घ्या, सोसायटी मोकळी!’ खाली बाबांचा प्रश्न: ‘करायचं का?’

बाबा, नाही!

आधी तो स्टँप पेपर. हाताने मैला उपसण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, त्याचं कलम ७ वाचा. गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी ‘कोणत्याही व्यक्तीने’ कुणाला कामाला लावायचं नाही, ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे’. मधे कंत्राटदार घातला की तेच अप्रत्यक्ष. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र. टाकी कुणाच्या मालकीची, हे त्यात विचारलेलंच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीच्या टाकीत उतरलेले तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख द्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. तिथेही टाकी खासगीच होती.

त्याच फॉरवर्डमधलं रत्न: ‘झाकण उघडून पेटता कागद टाका. जळत राहिला तर हवा चांगली.’ अहो, आत मिथेन असतो, भडका उडेल! आणि कागद जळला म्हणून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू नाही असं थोडंच आहे? तो आधी कुजक्या अंड्यासारखा वास देतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणून माणूस शिडीवरून खाली जातो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघंही आतच राहतात.

‘पावडर टाका, गाळ कधीच काढावा लागत नाही’: लागतो. ‘टाकीतलं जास्तीचं पाणी पावसाच्या गटारात सोडा’: ते गटार नाल्याला, नाला खाडीला. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा कशासाठी आहे मग?

एक मात्र खरं, नाइलाजाने मान्य करते: टाकीची देखभाल आणि उपसण्याचा खर्च सोसायटीचाच. पण म्हणून पालिकेचा संबंध संपत नाही. तिच्या १८८८ च्या कायद्यानुसार वाहिनी शंभर फुटांच्या आत असेल तर जोडणी घ्यायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. तेव्हा ‘टाकी कुणाची’ हे सोडा. वाहिनी किती लांब, पाणी जातं कुठे आणि आत उतरतं कोण, नियम त्यावरून ठरतात.

हे लिहीपर्यंत बाबांनी सक्शन गाडीवाल्याला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, गेटपासून झाकण किती लांब? आता ते वॉचमनला टेपचं दुसरं टोक धरायला लावून पार्किंगमधून मोजत चाललेत.