श्वास रोखून धरा
कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवानगीसाठी, मेडिकल करून 11 महिने झाले. डॉक्टरही आपल्या पसंतीचा चालत नाही, कॅनडावाल्यांच्या यादीतलाच हवा. म्हणून कणकवलीहून कोकणकन्येने रात्रभर हेंदकळत मुंबई गाठली. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, वजन, उंची, भिंतीवरची अक्षरं. टीबी नाही, काही नाही, तब्येत ठणठणीत. फाइल मात्र जिथल्या तिथे!

आणि या मेडिकलची मुदत किती? 12 महिने. म्हणजे रेंगाळणार ते, आणि शिळा होणार मी! नव्याने कर म्हणाले की पुन्हा गाडी, पुन्हा फी, पुन्हा तो एक्स-रेवाला 'श्वास रोखून धरा' म्हणणार. अरे बाबा, वर्षभर रोखूनच बसलोय की!

गावात तर सोयच नाही. काजूच्या दिवसांत 'कधी जातलस रे?', आंब्याच्या दिवसांत तेच, गणपतीत तर आरतीचं ताट हातात असताना तेच. (विचारणाऱ्याचा स्वतःचा मुलगा तीन वर्षं घरीच बसलाय, ते जाऊ दे.) ईमेल तर मी दिवसातून इतक्यांदा उघडतो की अंगठा दुखतो.

आईने माझ्यासाठी बांधून ठेवलेली सोलं परवा पुन्हा उन्हात घातली.